'गेट'ची चाळीस वाक्यं

"बाई, गेट म्हंजे काय हो?"

अक्काताई सुतारांनी दारातूनच विचारलं, आणि मी त्यांना चपला घालून परत खाली पाठवलं.

माझ्या क्लासचा नियमच होता तो. चपला आणि मराठी, दोन्ही उंबऱ्याबाहेर काढून यायचं. ज्याच्या तोंडून मराठी शब्द निघेल त्यानं उठायचं, चपला घालायच्या, जिना उतरून सायकलच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत वर येऊन दारात "मे आय कम इन" म्हणायचं. तलाठी असो नाहीतर मेडिकलवाल्याची सून, सुटका कुणाचीच नव्हती. इस्लामपुरात तेव्हा इंग्रजी बोलायला शिकवणारे तीन क्लास होते. त्यातला देवस्थळी मॅडमचा क्लास कडक म्हणून प्रसिद्ध होता, आणि त्या देवस्थळी मॅडमना, म्हणजे मला, त्याचा भारी तोरा होता. बावीस वर्षं झाली या गोष्टीला. तोरा केव्हाच उतरला, पण तो कसा उतरला हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अक्काताई तेव्हा साठीच्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी ब्लाऊज शिवायच्या. गुडघे दुखायचे त्यांचे. तरी निमूटपणे जिना उतरल्या, कठड्याला धरून चढल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"मे आय कमीन, बाई?"

"मॅडम."

"म्याडम."

"यस. कम इन."

पोरं हसली. अक्काताईही हसल्या. वर्गात सगळ्यांत मागे, खिडकीपाशी त्यांनी आपली जागा धरली होती. समोरच्या भिंतीवर माझा चार्ट होता. वर मोठ्या अक्षरांत 'गेट', आणि खाली चाळीस वाक्यं. माझं म्हणणं असं, की इंग्रज माणूस दिवसभर हे एकच क्रियापद दळत असतो. झोपेतून उठला की गेट, बस मिळाली की गेट, घरी पोचला, पावसात भिजला, कंटाळला, आजारातून उठला, लग्न झालं, एखादी गोष्ट डोक्यात शिरली, की गेट. तेवढं एक पक्कं करा, निम्मं इंग्रजी खिशात. ही चाळीस वाक्यं घडाघडा म्हणता आल्याशिवाय मी कुणालाही पुढच्या चार्टकडे बघू देत नसे.

क्लास सुटल्यावर जिन्यात अक्काताई म्हणाल्या, "लई कामाचा शब्द हाय बाई ह्यो. आमच्या अस्तरावानी. कुठल्याबी कापडाला लावा, बसतोय."

अक्काताईंना इंग्रजी कशाला हवं होतं ते मी सांगते.

त्यांची एकुलती एक मुलगी उज्ज्वला. नर्सिंग शिकली आणि न्यूझीलंडला ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात लागली. तिथं ग्रॅहम नावाच्या तिथल्याच माणसाशी तिनं लग्न केलं. रेवा नावाची मुलगी झाली. रेवा सहा वर्षांची असताना उज्ज्वला गाडीच्या अपघातात गेली. अक्काताईंना अंत्यविधीलाही जाता आलं नाही, पासपोर्टच नव्हता. राहिला तो फक्त फोन. दर रविवारी आपल्याकडचे सकाळचे साडेदहा वाजले की ग्रॅहम तिकडून फोन लावायचा आणि रेवाच्या हातात द्यायचा. पाच-दहा मिनिटं. जगात अक्काताईंचं रक्ताचं माणूस म्हणून तेवढंच उरलं होतं.

एप्रिलमध्ये ग्रॅहमचं पत्र आलं. ते घेऊन अक्काताई माझ्या घरी आल्या. तोवर आमची ओळख ब्लाऊजपुरती होती.

"तेवढं वाचून दावा. पोरगी बरी हाय न्हवं?"

मी ओट्यावर बसून वाचलं. सरळ मनाच्या माणसानं लिहिलेलं पत्र होतं. रेवा बरी आहे, शाळेत जाते. पण रविवारच्या फोनचं काय करावं कळत नाही. ती फोनवर एक अक्षर बोलत नाही. दोन वर्षं झाली, 'हॅलो'सुद्धा नाही. तुमची भाषा तिला आता कळत असेल असं वाटत नाही. जूनच्या शेवटी तिचा आठवा वाढदिवस आहे, तोवर बघू. तरीही ती बोलली नाही, तर फोन थांबवलेला तिच्यासाठी बरा. नाताळला कार्ड पाठवत जाईन.

मधे एक ओळ होती. 'फोन मान आणि खांद्याच्या मधे धरून ती जमिनीवर बसते, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड, अगदी ताठ. आणि फोन संपेपर्यंत हलत नाही.'

ती ओळ मी गाळली. पोरगी पाठ फिरवून बसते, हे आजीला कशाला सांगायचं? आधीच अक्काताईंचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, मी शहाणपणा केला. बाकीचं सगळं मात्र वाचून दाखवलं.

"म्हंजे वाढदिवसापत्तुर बोलली न्हाई तर फोन बंद?" अक्काताईंनी विचारलं.

"तसंच लिहिलंय."

"आन मंग तिची माझी गाठ कशी पडायची?"

मी विचारलं, "तुम्ही तिच्याशी बोलता काय फोनवर?"

त्या लाजल्या. "काय न्हाई बाई. आपलं काईबाई. घरातलं. मी दर आयतवारी तिची..."

"मराठीतच ना?"

"मंग दुसरं काय येतंय मला?"

"अहो, मग तिथंच तर घोडं अडलंय!" मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. कुणाचं तरी अडलेलं काम आपल्याला सोडवता येतंय म्हटल्यावर माझं असंच व्हायचं. "तिला कळतच नाही तर ती बोलणार काय? उद्यापासून क्लासला या. दोन महिन्यांत तुम्हाला नातीशी इंग्रजीत बोलती करते. पण मी सांगेन तसं करायचं."

"करीन की," अक्काताई म्हणाल्या. "पायजे तर खाली डोकं वर पाय करून करीन."

आणि त्यांनी खरंच केलं. शिवणाच्या मशीनवर त्यांनी वाक्यांचे कागद चिकटवले. पायडल मारता मारता पाठ करायच्या. 'आय गेट अप ॲट फाइव्ह.' 'आय गॉट वेट.' 'डिड यू गेट माय कार्ड?' चाळीसपैकी तेवीस वाक्यं त्यांना दीड महिन्यात आली. उच्चार असे, की ऐकणाऱ्याला आधी हसू यावं आणि मग कौतुक वाटावं.

मेच्या अखेरीला एकदा वर्गात मी प्रत्येकाला 'मी रविवारी काय करते' यावर बोलायला लावलं. अक्काताई उठल्या.

"ऑन सन्डे आय गेट फोन. आय गेट..." त्या थांबल्या. हात दोन्ही वर उचललेले, बोटं हवेत काहीतरी करत होती. "आय गेट रेवा... बाई, ते कसं म्हणायचं, मी तिची..."

"इन इंग्लिश, अक्काताई."

"येत न्हाई वो. येवढं मराठीत सांगते, मग तुमी..."

मी दाराकडे बोट केलं. वर्ग हसला. अक्काताई चपला घालून जिना उतरल्या. परत आल्यावर "मे आय कमीन" म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. 'काय सांगत होता' असं मी नंतरही विचारलं नाही. मला पुढची वाक्यं घ्यायची होती.

तोवर रविवारचे फोन त्यांच्या जुन्याच पद्धतीनं चालले होते. जूनच्या शेवटच्या रविवारी, वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, नव्या पद्धतीनं बोलायचं ठरलं. मी स्वतः हजर राहणार होते.

सव्वादहालाच मी त्यांच्याकडे पोचले. मशीन कोपऱ्यात सारलेलं, मधोमध स्टुलावर फोन. अक्काताईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. फोनवर दिसणार आहे का काही? पण नेसल्या होत्या. मी पंधरा वाक्यांची कार्डं मोठ्या अक्षरांत देवनागरीतून लिहून आणली होती.

"एक सांगून ठेवते," मी म्हटलं. "मराठीचा एक शब्दसुद्धा नाही. एक शब्द गेला की तिचं लक्ष उडणार. कबूल?"

"सुरवातीला नुसतं तिला हाक मारू का? नेहमीवानी?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

फोन वाजला. ग्रॅहमचं 'हॅलो, हाऊ आर यू' झालं. अक्काताई म्हणाल्या, "आय ॲम फाइन, थँक्यू. आय गॉट युअर लेटर." तिकडे तो खूश झाल्याचं मलासुद्धा ऐकू आलं, इतकी मी रिसीव्हरला चिकटून बसले होते. मग फोन रेवाकडे गेला. काहीतरी खुडबुड झाली आणि श्वास ऐकू आला. बारीक, सावकाश श्वास.

मी पहिलं कार्ड पुढे धरलं.

"हॅलो रेवा. धिस इज युअर ग्रँडमदर."

श्वास.

"डिड यू गेट अप अर्ली टुडे?"

श्वास थांबला. अक्काताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, 'चिमणे' असं काहीतरी येत होतं ओठांवर. मी तोंडावर बोट ठेवलं आणि पुढचं कार्ड धरलं.

"ऑन युअर बर्थडे यू विल गेट अ फ्रॉक. आय मेड इट. डिड... डिड यू गेट माय कार्ड?"

आणि रेवा बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली. स्वच्छ, घोगरट आवाज.

"व्हेअर इज आजी?"

मी अक्षरशः मूठ हवेत उडवली. बोलली! मी अक्काताईंच्या कानात कुजबुजले, "आजी कुठाय विचारतेय. सांगा, आय ॲम आजी."

"आय ॲम आजी," अक्काताई म्हणाल्या. "रेवा, आय ॲम आजी. आय गेट..."

"नो," पोरगी म्हणाली. "आजी डझ माय हेअर."

रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला. लांब कुठंतरी रडणं ऐकू आलं, दार आपटलं. मग ग्रॅहम आला, गोंधळलेला. तो म्हणाला, आज राहू दे, माफ करा. फोन बंद झाला.

"काय म्हणाली ती शेवटाला?" अक्काताईंनी विचारलं.

प्रत्येक शब्द मला कळला होता. त्याचा अर्थ मात्र काडीचा लागला नव्हता. "काहीतरीच म्हणाली. आजी माझे केस करते, म्हणे. एवढ्या लांबून?"

अक्काताई स्टुलाशेजारी खालीच बसल्या.

"करते की," त्या म्हणाल्या. "दर आयतवारी मी तिची येणी घालते."

मग त्यांनी सांगितलं. त्या घरात मराठीला बंदी नव्हती, आणि आता ते सांगायला त्यांना कुणी अडवणार नव्हतं. उज्ज्वला असताना रविवारी तिकडच्या पाच वाजता ती रेवाला पुढ्यात घेऊन बसायची आणि फोन लावून स्पीकरवर टाकायची. दिवा लावायच्या आत वेणी झाली पाहिजे, हे आईनं लावलेलं वळण तिनं तिकडेही मोडलं नव्हतं. हात उज्ज्वलाचे आणि बोलणं अक्काताईंचं. मान सरळ, हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, भांग वाकडा हुतो. आधी तेल. गुंता खालनं सोडवायचा. आता तीन पेड. उजवा मधल्यावरनं, डावा मधल्यावरनं. शेवटाला ढिलं सोडायचं न्हाई. उज्ज्वला गेली आणि फोन रेवाच्या हातात आला, तरी अक्काताईंनी तेच चालू ठेवलं. दुसरं बोलायला होतं काय त्यांच्याकडे? दर रविवारी मशीनपाशी बसून त्या हवेत बोटं हलवत नातीची वेणी घालायच्या. आणि नात बोलत नव्हती, कारण वेणी घालताना बोलायचं नसतं.

"मला वाटायचं, ऐकती का न्हाई कुणास ठाऊक," अक्काताई म्हणाल्या. "ग्र्याम म्हणतोय कळत न्हाई, तुमी म्हणला कळत न्हाई. म्हटलं तुमी शिकलेली माणसं, तुमचंच खरं असंल. माझंच आपलं येड्यावानी चाललंय."

माझ्या हातात ती पंधरा कार्डं होती. कुठे ठेवावीत ते मला सुचेना.

"अक्काताई, ते एप्रिलचं पत्र आहे का हो?"

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून काढून दिलं. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. म्हटलं, "मी यातली एक ओळ तुम्हाला वाचून दाखवली नव्हती." आणि वाचली. फोन मान आणि खांद्याच्या मधे धरून जमिनीवर बसते. माझ्याकडे पाठ करून. भिंतीकडे तोंड. ताठ. हलत नाही.

"मला वाटलं, ती रुसून पाठ फिरवून बसते," मी म्हटलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

अक्काताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पत्र हातात घेतलं, जी ओळ त्यांना वाचता येत नव्हती तिच्यावरून अंगठा फिरवला.

"येणी घालून घ्यायची तर पोर पाठ करूनच बसणार न्हवं, बाई," त्या म्हणाल्या.

अक्काताईंच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे, म्हणून आम्ही लगेच फोनच्या बूथवर धावलो. मी स्वतः नंबर फिरवला. ग्रॅहमनं उचलला आणि मी माझ्या अस्खलित इंग्रजीत त्याला सगळं समजावलं, चुकले, माफी मागितली, पुन्हा समजावलं. तो रेवाच्या खोलीचं दार वाजवून आला. मग म्हणाला, ती खोलीचं दार उघडत नाही. पुढच्या रविवारी बघू.

पुढच्या रविवारी साडेदहाला फोन आला. कार्डं नव्हती, इरकल नव्हतं. मी फक्त लागलंच तर म्हणून बसले होते. ग्रॅहमनं मलाच फोनवर घ्यायला सांगितलं. तो सांगत गेला आणि मी एकेक वाक्य अक्काताईंना मराठीत सांगत गेले. या वेळी काहीही गाळलं नाही. रेवा फोनला हात लावत नाही. ती म्हणते, मम्मी गेली तशी आजी पण गेली, आणि आता कुणीतरी दुसरीच बाई फोन करते. मंगळवारी, वाढदिवसाच्या दिवशी, तिला स्वयंपाकघरातली कात्री सापडली. तिनं वेणी कापून टाकली. स्वतःच, मानेपासून.

अक्काताईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "त्याला म्हणावं, फोन तिच्या दाराशी ठेव. मी बोलते."

त्यानं ठेवला. अक्काताई मराठीत बोलल्या, नेहमीसारख्या. चिमणे, ये. बस पाठ करून. मान सरळ. पलीकडून श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. तरी त्यांनी तेल लावलं, गुंता सोडवला, तीन पेड घातले, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे वळल्या.

"त्याला म्हणावं, केस टाकले नसतील तर मला धाडून दे."

त्यानंतर फोन आला नाही. ऑगस्टमध्ये एक जाड पाकीट आलं. अक्काताई ते घेऊन माझ्याकडे आल्या. मी आधी चिठ्ठी वाचली, प्रत्येक शब्द. ग्रॅहमनं लिहिलं होतं, रेवानं फोन नको म्हटलंय, मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही, नाताळला लिहीन. ही वेणी. हिचं मला नेहमीच नवल वाटत आलं. तिची आई गेल्यापासून तिची वेणी घालणारं घरात कुणी नाही. मला येत नाही.

पातळ कागदात गुंडाळलेली तपकिरी रंगाची वेणी होती, वीतभर, खाली लाल रिबीन बांधलेली. अक्काताईंनी ती मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि शिवण तपासावी तशी वरपासून बोटांनी चाचपत खाली आल्या.

"तीन पेड," त्या म्हणाल्या. "उजवा मधल्यावरनं. डावा मधल्यावरनं. कुठं चुकली न्हाई."

रिबिनीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"शेवटाला ढिलं सोडायचं न्हाई म्हणून दर येळंला सांगायची मी तिला. बघा बाई, हात लावून बघा. ढिलं न्हाई."